होम असाइनमेंटला जावं का, कधी, किती दिवस, आणि ‘मी भाषांतर करत नाही’ हे मंडळीत कसं सांगावं

प्रभूमध्ये सलाम भाऊ. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी काही चुकीचं समजले असेन तर लगेच कळेल. तुम्ही दोघं परदेशात एका बायबल भाषांतराच्या टीमला सपोर्ट म्हणून गेलात, तुम्ही हिशोब, खरेदी आणि कॉम्प्युटर बघता, मिसेस मुलांचा अभ्यास आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची राहायची सोय बघतात, चौथं वर्ष संपत आलंय आणि संस्था म्हणतेय की आता होम असाइनमेंट घ्या, म्हणजे काही महिने मायदेशी जाऊन पाठवणाऱ्या मंडळ्यांना भेटा आणि विश्रांती घ्या. पण प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचं कन्सल्टंट चेकिंग, म्हणजे बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञाकडून भाषांतराची तपासणी, तोंडावर आलंय, तुमच्या जागी बसणारं कोणी नाही, घरचे म्हणतायत ‘या, छान सुट्टी घ्या’, मंडळीसमोर, म्हणजे चर्चमध्ये, उभं राहून सांगायचं काय हे सुचत नाहीये कारण तुम्ही स्वतः एका वचनाचंही भाषांतर केलेलं नाही, आणि देणाऱ्यांकडून येणारा पैशाचा सपोर्ट कमी झालाय त्यामुळे पैशाचा विषय निघणार याचं दडपण आहे. आणि एवढं सगळं लिहून शेवटी विचारलंत फक्त इतकंच, की जावं का आणि किती दिवस.

दिवसांचा हिशोब त्यातल्या त्यात सोपा आहे, तो पुढे सांगते. मला अडचण दुसरीकडेच दिसते. घरी जाणं म्हणजे काम सोडून जाणं असं तुमच्या मनात पक्कं बसलंय, आणि ते तसं बसलेलं असलं ना की माणूस घरी जाऊनही तिथे नसतो, रोज रात्री फील्डवरचे, म्हणजे कामाच्या जागेवरचे, मेसेज बघत बसतो, आणि परत आला की आधीपेक्षा जास्त थकलेला असतो. माझं मत अगदी स्पष्ट आहे, घरी जाऊन पाठवणाऱ्या मंडळीला भेटणं हे चेकिंगइतकंच कामाचा भाग आहे आणि ते तसंच नियोजन करून करायचं असतं. का म्हणते ते बघा.

आधी माझं थोडं. मीही भाषांतरकार नाही. माझा नवरा आणि मी बरीच वर्षं फील्डवर ऑफिस सांभाळलं, आणि नंतर घरी जाणाऱ्या कुटुंबांचं नियोजन माझ्याकडे आलं, तिकीट-व्हिसापासून ते परत आल्यावर दोन दिवस शांतपणे बसून त्यांचं ऐकून घेण्यापर्यंत. त्यामुळे खूप कुटुंबं जाताना आणि येताना जवळून बघितलीत, चांगली गेलेली आणि कशीबशी पार पडलेलीही.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते. संस्थेचा नियम पहिला, काही ठिकाणी चार वर्षं फील्ड आणि एक वर्ष घरी अशी जुनी पद्धत अजून चालते, काही संस्था दोन-अडीच वर्षांनी काही महिने देतात, काहींकडे दरवर्षी थोडे थोडे आठवडे. दुसरा व्हिसा, कारण काही देशांत तुम्ही ठराविक महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात की रेसिडेन्स परमिट रद्द होतं आणि पुन्हा पहिल्यापासून अर्ज. तिसरं मुलांचं वय, चौथं आई-वडिलांची तब्येत, पाचवं प्रोजेक्ट कुठल्या टप्प्यावर आहे. आणि टॅक्स, वर्षात किती दिवस कुठल्या देशात राहिलात त्यावर बऱ्याच ठिकाणी करदाता म्हणून तुमचा दर्जा बदलतो, ते तुमच्या संस्थेच्या फायनान्सवाल्यांना तारखा ठरवायच्या आधी विचारा, नंतर नको. तुम्ही देश लिहिला नाहीत आणि ते बरंच केलंत, त्यामुळे व्हिसाचं मी नेमकं सांगू शकत नाही.

‘जुने मिशनरी कुठे घरी जायचे’ असं तुम्हाला कोणीतरी बोललंय असं लिहिलंत, त्यावर थोडं लांब बोलते कारण हे वाक्य मी फार ऐकलंय आणि त्याने चांगली माणसं उगाच खचतात. विल्यम कॅरी १७९३ मध्ये इंग्लंडहून निघाले आणि १८३४ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला वारले, मध्ये एकदाही परत गेले नाहीत, हे खरंय. मराठी नवा करार त्यांच्याच छापखान्यातून १८११ मध्ये आला, तेव्हा आपल्याला तर त्यांच्याबद्दल कृतज्ञता वाटायलाच हवी. पण त्यांचा एका बाजूचा प्रवासच पाच महिन्यांचा होता, घरी जाऊन यायचं म्हणजे जवळजवळ वर्ष नुसतं जहाजातच गेलं असतं. अॅडोनिराम जडसन १८१२ मध्ये अमेरिकेतून निघाले, ब्रह्मी भाषेत अख्खं बायबल केलं, आणि तेहेतीस वर्षांनी १८४५ मध्ये पहिल्यांदा घरी गेले, तेही पत्नी सारा खूप आजारी होत्या म्हणून, आणि त्या वाटेतच सेंट हेलेना बेटाच्या बंदरात जहाजावर वारल्या. जडसन पोचले तेव्हा त्यांचा आवाज इतका गेलेला होता की ते हळू कुजबुजत बोलायचे आणि शेजारी उभा राहिलेला माणूस तेच मोठ्याने सभेला सांगायचा. ही भेट कोणी आदर्श म्हणून समोर ठेवू नये, त्या माणसाने काय सोसलं याची ती गोष्ट आहे.

आणि याच काळातले रॉबर्ट मॉफट बघा. दक्षिण आफ्रिकेत कुरुमानला राहून त्यांनी त्स्वाना भाषेत नवा करार केला, १८३९ मध्ये ते हस्तलिखित घेऊन इंग्लंडला गेले, १८४० मध्ये लंडनमध्ये तो छापून झाला, आणि १८४३ पर्यंत ते तिथे होते, मंडळ्यांमधून फिरत, बोलत, लोकांना त्या कामाशी जोडत. म्हणजे त्यांच्या घरी जाण्यातूनच ते पुस्तक छापून झालं. मग आता कुणाचं उदाहरण धरायचं?

त्याच्याही मागे जायचं तर तुमच्या टीमचं जे पुस्तक चेकिंगला आहे त्याचाच चौदावा अध्याय शेवटपर्यंत वाचा. पौल आणि बर्णबा अंत्युखियाला परत येतात, ज्या मंडळीने हात ठेवून पाठवलं तिथेच, सगळ्यांना एकत्र बोलावतात, देवाने आपल्याकरवी काय काय केलं ते सांगतात, आणि मग तिथे बरेच दिवस राहतात. लूकने त्या राहण्याबद्दल कुठे खेद केलेला नाही, पुढचा प्रवास लांबला असंही म्हटलेलं नाही. पाठवणं आणि परत येऊन सांगणं ही एकाच कामाची दोन टोकं आहेत असं मी त्यातून समजते, आणि तुम्ही ज्या पुस्तकासाठी बॅटऱ्या आणि बिलं सांभाळताय त्याच पुस्तकात हे लिहिलेलं असावं याचा मला खूप आनंद वाटतो.

आता कधी निघायचं. याचं उत्तर प्रोजेक्टच्या कॅलेंडरमध्ये शोधा, तुमच्या मनातल्या अपराधीपणात शोधू नका. एखाद्या पुस्तकाचा मसुदा होतो, टीम आपापसात तपासते, मग गावात वाचून बघतात, बॅक ट्रान्सलेशन होतं, म्हणजे कन्सल्टंटला समजेल अशा भाषेत ते उलट भाषांतर करून ठेवतात, मग कन्सल्टंट चेकिंग, दुरुस्त्या, पुन्हा वाचन, आणि नवा करार पूर्ण होत आला की टाइपसेटिंग आणि छपाई. यात सपोर्टवाल्याची सगळ्यात जास्त गरज लागते ती कन्सल्टंट येतो त्या आठवड्यांत, कारण तेव्हा बाहेरगावची माणसं आणायची, त्यांची राहायची सोय, भत्ते, वीज, इंटरनेट, बॅकअप, सगळं एकाच वेळी. त्यानंतर दुरुस्त्यांचे आठवडे तुलनेने शांत असतात. तेव्हा माझ्या मते चेकिंग संपू द्या, त्याचा हिशोब बंद करा, आणि मग निघा. पण त्याच्या पुढे ढकलू नका. नव्या करारात २६० अध्याय आहेत, त्यातले कृत्येचे अठ्ठावीस, थांबायचंच म्हटलं तर कृत्ये झालं की रोमकरांस पत्र येणार, ते झालं की करिंथकरांस, आणि प्रत्येक वेळी थांबायला एक अगदी खरं आणि चांगलं कारण मिळणार. अशी थांबत राहिलेली माणसं शेवटी तब्येत ढासळली म्हणून जातात, आणि तेव्हा कोणाकडे काही सोपवायला वेळच उरत नाही.

‘माझ्या जागी कोणी नाही’ असं लिहिलंत ना, त्यावर मी थोडी कठोर होणार आहे, राग मानू नका. तुमच्या टीममध्ये त्या भाषेचे स्वतःचे भाषांतरकार आहेत, त्यांच्या गावातली शिकलेली तरुण मुलं आहेत. त्यांच्यातल्या कोणाला आजपर्यंत बँकेचा दुसरा सहीदार केलंय का? पॅराटेक्स्ट या भाषांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्टचा अॅडमिनिस्ट्रेटर तुम्ही एकटेच आहात की त्यांच्यापैकीही कोणी आहे? बहुतेक ठिकाणी उत्तर ‘अजून नाही’ असंच असतं, त्यात कोणाचा वाईट हेतू नसतो, कामाच्या घाईत आपणच पटकन करून टाकतो आणि तशीच वर्षं जातात. होम असाइनमेंटमुळे ही गोष्ट करावीच लागते, आणि ते भाषांतर त्या लोकांचं आहे तर त्याच्या किल्ल्याही त्यांच्याकडे असायला हव्यात ना.

हँडओव्हर कसा करायचा ते जरा बारकाईने सांगते, कारण इथेच सगळं अडतं. निघायच्या किमान तीन महिने आधी एक साधी वही करा, कॉम्प्युटरवर नको, हाताने लिहिलेली वही, जी लाइट गेल्यावरही वाचता येते. त्यात एका पानावर एकच काम. सोलरच्या बॅटऱ्यांमध्ये डिस्टिल्ड वॉटर कधी आणि कुठल्या खुणेपर्यंत घालायचं. सॅटेलाइट इंटरनेटचं बिल कुठल्या तारखेला कुठल्या खात्यातून जातं. पॅराटेक्स्टमध्ये दिवसाच्या शेवटी सेंड-रिसीव्ह, म्हणजे दिवसभराचं काम नेटवरून पाठवणं आणि इतरांचं घेणं, कोणी करायचं आणि नेट नसलं तर बॅकअप कुठल्या ड्राइव्हवर घ्यायचा, आणि तो ड्राइव्ह त्याच इमारतीत न ठेवता दुसऱ्या घरात कोणाकडे ठेवायचा. पेटी कॅश दोघांनी मिळून मोजायची आणि दोघांनी सही करायची. पासवर्ड वहीत लिहू नका, ते सीलबंद पाकिटात टीम लीडरकडे. मग शेवटचा महिना तुम्ही खुर्चीवरून उठा, म्हणजे खरोखर उठा, जो करणार आहे त्याने करायचं आणि तुम्ही शेजारी बसून बघायचं, त्याने विचारल्याशिवाय हात घालायचा नाही. हा एक महिना फार जड जातो. पण त्या महिन्यात जे प्रश्न निघतात ते वहीत कधीच आलेले नसतात.

इथपर्यंतचं एकदा गोळा करते म्हणजे पुढचं वाचायला बरं: हो, जा. चेकिंग आणि त्याचा हिशोब झाल्यावर जा. आजपासूनच एका स्थानिक माणसाला तयार करायला घ्या.

किती दिवस, याचं उत्तर मुलं आहेत म्हणून थोडं वेगळं येतं. शाळेचं किमान एक पूर्ण सत्र तरी एका जागी मिळायला हवं, तुकड्या तुकड्यांत मुलांचं काहीच होत नाही. पहिला महिना शरीर आणि मन जागेवर यायला जातो, शेवटचा महिना आवराआवरीत आणि निरोपांत जातो, म्हणजे सहा महिने घेतले तर हातात चारच उरतात. तुमच्या केसमध्ये व्हिसा देत असेल तर मी सात-आठ महिने म्हणेन. व्हिसा सहाच देत असेल तर सहा, पण मग मंडळ्यांच्या भेटी निम्म्या करा, विश्रांती निम्मी करू नका. बहुतेक लोक नेमकं उलट करतात.

पोचल्यावर पहिले तीन-चार आठवडे एकाही मंडळीत बोलायचं कबूल करू नका. पाळकांना आधीच पत्र लिहा की आम्ही अमुक तारखेनंतर उपलब्ध आहोत, कोणालाही वाईट वाटत नाही. या दिवसांत डॉक्टर, दात, डोळे, रक्ताच्या तपासण्या उरकून घ्या. आणि एक गोष्ट अगदी लक्षात ठेवा, तुम्ही मलेरियाच्या भागातून येत असाल तर घरी पोचल्यावर कित्येक आठवड्यांनी, कधी कधी महिन्यांनीही ताप येऊ शकतो, व्हायव्हॅक्स प्रकारचा मलेरिया यकृतात दडून राहतो आणि नंतर उलटतो. जिथे मलेरिया नसतो तिथल्या डॉक्टरांच्या डोक्यात तो चटकन येत नाही, त्यामुळे ताप आला की पहिलं वाक्य ‘मी अमुक देशातून आलोय, मलेरियाची टेस्ट करा’ हेच असलं पाहिजे. यकृतातला मलेरिया मारायचं औषध द्यायच्या आधी जी-सिक्स-पीडी नावाची रक्ततपासणी करतात, ती झाली आहे का हेही विचारा. मुलांच्या बाबतीत तर दुप्पट सावध राहा.

मनाचंही तसंच. चार वर्षं तुम्ही सतत सावध राहून जगलात, चोरी, रस्ते, आजारपण, टीममधले वाद, आणि घरी आल्यावर अचानक सगळं सुरळीत असतं आणि तरी चिडचिड होते, दुकानात इतक्या वस्तू बघून रडू येतं, लोकांच्या तक्रारी किरकोळ वाटतात आणि तसं वाटतंय म्हणून स्वतःचाच राग येतो. हे खूप जणांना होतं, तुमची श्रद्धा कमी झालीय असा त्याचा अर्थ नाही. संस्थेकडे डीब्रीफिंगची, म्हणजे कोणासमोर तरी बसून सगळं बोलून मोकळं व्हायची, सोय असेल तर दोघांनीही घ्या, आणि एकदा वेगवेगळं बसून घ्या, कारण नवऱ्यासमोर बायका सगळं बोलत नाहीत आणि बायकोसमोर नवरेही नाही.

मिसेसचा विषय निघालाच आहे तर सांगते. सभेत नाव तुमचं असतं, बोलायला तुम्हाला बोलावतात, आणि त्या मात्र मुलांना घेऊन दर रविवारी वेगळ्या मंडळीत, वेगळ्या घरात, वेगळ्या अंथरुणावर. त्यांनी फील्डवर जे केलं ते कोणी विचारत नाही. त्यांना कुठे बोलायचंय आणि कुठे नुसतंच मागच्या बाकावर बसायचंय हे त्यांना विचारून ठरवा. महिला मंडळात त्या जे सांगतील ते तुमच्या दहा भाषणांपेक्षा लोकांच्या जास्त लक्षात राहील, हे मी अनेकदा पाहिलंय.

आता तुमचा मोठा प्रश्न, ‘मी भाषांतर करत नाही, मग सांगू काय’. भाषांतर करतोय असं भासवू नका आणि ‘मी तर फक्त हिशोब बघतो’ असंही म्हणू नका, कारण दोन्हीही खरं नाही. तुम्ही एकच खोली सांगा. चेकिंगची खोली. कन्सल्टंटसमोर गावातली एक बाई बसलीय जिने हा मजकूर आधी कधी ऐकलेला नाही. तिला एक उतारा वाचून दाखवतात आणि विचारतात, आत्ता कोण बोललं, कोणाशी बोललं, त्याला राग आला होता की भीती वाटत होती, पुढे काय होईल असं तुम्हाला वाटतं. ती तिच्या भाषेत सांगते, दुसरा माणूस ते कन्सल्टंटला समजेल अशा भाषेत सांगतो, कन्सल्टंट समोर ग्रीक मजकूर ठेवून ताडून बघतो, तिला भलतंच समजलंय असं दिसलं की टीम तिथल्या तिथे वाक्य बदलते आणि दुसऱ्या कोणाला तरी ते नव्याने ऐकवते. एकेका अध्यायाला असा अख्खा दिवसही जातो. मग सांगा की त्या बाईला तिच्या गावाहून कसं आणलं, तिच्या लहान बाळाला तेवढा वेळ कोणी सांभाळलं, दिवसभर लॅपटॉप चालायला वीज कुठून आली, संध्याकाळी तिचा भत्ता वेळेवर तिच्या हातात कसा पडला. लोकांना लगेच कळतं की तुम्ही तिथे कशासाठी आहात. आणि पाठवणाऱ्यांनाही आपण नेमकं काय चालू ठेवलंय ते कळतं, कारण त्यांच्यातलेही बहुतेक जण हिशोब, वायरिंग, स्वयंपाक, शिकवणं असलीच कामं करणारे असतात.

‘किती झालं?’ हा प्रश्न हमखास येणार. त्याचं उत्तर टप्प्यांत द्या, मार्क छापून लोकांच्या हातात आहे, लूक चेकिंग होऊन दुरुस्त्यांत आहे, कृत्ये चेकिंग नुकतं झालं, असं जे तुमच्याकडे असेल ते. मोठं चित्र द्यायचं तर एवढं पुरे की जगात ७,००० हून जास्त भाषा आहेत आणि पूर्ण बायबल अजून त्यातल्या ७०० ते ८०० भाषांतच आहे, एकट्या पापुआ न्यू गिनीत ८०० हून जास्त भाषा बोलल्या जातात. त्याच्यापुढे आकडे देऊ नका, लोक आकड्यांत हरवतात. किती जणांनी विश्वास धरला असंही विचारतील, तिथे फुगवून तर नाहीच, पण लाजूनही सांगू नका, जे आहे ते आणि जेवढं आहे तेवढं.

गोष्टी निवडताना मी सगळ्यांना एक कसोटी सांगते. ज्या माणसाबद्दल बोलताय तो समोरच्या बाकावर बसलेला असता तर हेच, याच शब्दांत सांगितलं असतं का? नसेल तर ती गोष्ट वगळा. त्याचं दारू पिणं, त्याच्या घरातलं भांडण, त्याची गरिबी हे त्याच्या पाठीमागे पडद्यावर दाखवायचा आपल्याला हक्क नाही, मग हेतू कितीही चांगला असो. फोटोला परवानगी घेतलेली हवी. आणि तुमच्या देशात मिशनरी कामावर नजर असेल तर नावं, गावं, चेहरे काहीच नको, सभेला सुरुवात करण्याआधी पाळकांना सांगा की रेकॉर्डिंग इंटरनेटवर टाकू नका. आपण विमानाने निघून येतो, टीमचे लोक तिथेच राहतात.

भेटींच्या बाबतीत, मोठ्या सभा कमी आणि घरगुती गट जास्त. रविवारी व्यासपीठावरून मिळणाऱ्या थोड्याशा मिनिटांत कोणाशी नातं जुळत नाही, बुधवारी संध्याकाळी एखाद्याच्या घरी दहा माणसांसोबत दोन तास बसलात तर ती माणसं पुढची चार वर्षं नाव घेऊन प्रार्थना करतात. आणि ऐकायलाही वेळ ठेवा. तुम्ही नसताना तिथेही कोणी वारलंय, कोणाची नोकरी गेलीय, मंडळीत फूट पडलीय. आपणच सांगायला आलोय अशा थाटात गेलं की लोक नम्रपणे ऐकतात आणि मनाने दूर होतात. दर महिन्यात एक आठवडा असा ठेवा की ज्यात कुठलीच भेट नाही, आणि तो आत्ताच कॅलेंडरवर राखून ठेवा, नंतर मिळत नाही.

पैशाबद्दल मी सरळ बोलते. विषय पहिल्याच महिन्यात काढा, शेवटच्या महिन्यात नको, कारण सपोर्ट ठराविक पातळीच्या खाली असला तर बऱ्याच संस्था परत जाण्याची परवानगीच थांबवतात आणि मग शेवटच्या आठवड्यांत जी धावपळ होते ती सगळ्यांनाच लाजिरवाणी वाटते. व्यासपीठावरून रक्कम सांगू नका. पाळक आणि मिशन कमिटीसमोर एक पान ठेवा, महिन्याचा खर्च काय, त्यात मुलांचं शिक्षण किती, विमा किती, प्रवास किती, संस्था किती ठेवते, येतंय किती, कमी किती पडतंय. तुम्ही अकाउंटंट आहात, हे पान तुमच्यापेक्षा चांगलं कोण करणार. आणि दडपण घेऊ नका, पौलाने फिलिप्पैकरांना चौथ्या अध्यायात हेच लिहिलंय की मला तुमची देणगी हवी आहे म्हणून मी बोलत नाही, तुमच्या हिशोबी फळ वाढावं हे मला हवंय. असं ज्याला मनापासून वाटतं त्याला मागताना मान खाली घालावी लागत नाही. फक्त एक पाळा, जास्त देणाऱ्याच्या घरी दोनदा आणि थोडं देणाऱ्याच्या घरी एकदाही नाही असं होऊ देऊ नका.

मुलांबद्दल थोडं, पण हे तुम्ही सगळ्यात आधी वाचायला हवं. तुम्ही ‘घरी’ जाताय, मुलं घर सोडून जातायत. त्यांचे मित्र, त्यांचं झाड, त्यांचा कुत्रा सगळं फील्डवर आहे. रूथ हिल युसीम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९५० च्या दशकात अशा मुलांसाठी थर्ड कल्चर किड असं नाव वापरलं, आई-वडिलांच्या संस्कृतीतलीही पूर्ण नाहीत आणि जिथे वाढली तिथलीही पूर्ण नाहीत. ही मुलं जुळवून घेतात, हुशार असतात, म्हणून आपल्याला वाटतं ठीक आहेत. त्यांना निघण्याआधी नीट निरोप घेऊ द्या, आवडत्या जागी एकदा जाऊ द्या, आणि कुठल्या वस्तू बरोबर येणार ते त्यांना ठरवू द्या. त्यांना व्यासपीठावर उभं करून ‘तिथल्या भाषेत गाणं म्हणून दाखव’ हे करू नका, ती स्वतःहून तयार असली तरच. चुलत-मामे भावंडांसोबत मोठ्यांच्या लुडबुडीशिवाय पुरेसा वेळ द्या, पुढे फील्डवर असताना ही नातीच त्यांना आधार देतात.

नातेवाइकांचं ‘सुट्टी’ म्हणणं मनावर घेऊ नका. आई-वडिलांना आधीच सांगा की हे अमुक आठवडे फक्त तुमचे, आणि त्या आठवड्यांत खरंच दुसरं काही घेऊ नका. वय झालेल्या माणसांना तुमच्या कामाचं महत्त्व पटवून देण्यापेक्षा त्यांच्यासोबत दवाखान्यात जाऊन रांगेत बसणं जास्त उपयोगी पडतं. पुढच्या वेळी ती असतील का हे कोणालाच माहीत नसतं, तेव्हा निरोपही नीट घ्या, घाईत नको.

राहता राहिलं परतणं. परतीची तारीख व्हिसा हातात येईपर्यंत कुठे जाहीर करू नका. आणि पोचल्यावर पहिले काही आठवडे कुठलीच पद्धत बदलू नका. तुमच्या जागी जो बसला होता त्याने फायली वेगळ्या लावल्या असतील, बिलं वेगळ्या दिवशी भरत असेल, खरेदी दुसऱ्याकडून करत असेल. हिशोब जुळतोय ना, बॅकअप आहे ना, मग राहू दे. शक्य असेल तर ती कामं त्याच्याकडेच राहू द्या आणि तुम्ही टीमला पुढे जे लागणार आहे, टाइपसेटिंग, ऑडिओ रेकॉर्डिंग, छपाईचं टेंडर, त्याकडे वळा.

आता मला दोन गोष्टी कळवा, व्हिसावर किती महिने बाहेर राहता येतं ते, आणि कन्सल्टंटची तारीख पक्की झालीय का ते. मुलांच्या परीक्षेचं वर्ष असेल तर तेही. त्यावरून महिन्यांचा कच्चा आराखडा मी इथेच लिहून देते, तो संस्थेला दाखवा आणि त्यांच्याकडून तारखा लेखी घ्या.